गाडीत कुठलं स्टेशन लावायचं?

(नेहमीप्रमाणे, ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचं लिखित रूप. बोलतानाचे 'अं' आणि 'म्हणजे' बरेचसे काढलेत. काही राहिलेत, चालवून घ्या.)

आजचा विषय तसा किरकोळ आहे. पण आमच्या घरात यावरून जेवढी भांडणं झालीत तेवढी शेताच्या बांधावरूनही झाली नसतील. विषय असा, की गाडी चालवताना रेडिओवर कुठलं स्टेशन लावायचं.

आता तुम्ही म्हणाल, अरे तू स्वतः पॉडकास्ट करतोस, लोकांनी गाडीत तुझं ऐकावं म्हणून धडपडतोस, आणि रेडिओची वकिली करतोस? हो, करतोय. का ते शेवटपर्यंत कळेल. आणि कळलं नाही तर पुढच्या भागात भांडू.

आधी भांडणाची जागा सांगतो. पुणे ते कोल्हापूर, साधारण सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. मी वाकडला राहतो, घर कोल्हापूरजवळ पंचगंगेच्या काठच्या एका गावात. महिन्यातून एकदा तरी ही फेरी असते. आमच्या घरात नियम असा की जो गाडी चालवतो त्याच्या हातात रेडिओ. आणि गेली कित्येक वर्षं गाडी बाबाच चालवायचे. त्यामुळं नियम कुणी केला असेल ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

गाडीत तीन पक्ष. बाबांचा पक्ष आकाशवाणी. पुण्यातून निघताना १०१ वर विविध भारती, आणि कऱ्हाड ओलांडलं की १०२.७ वर कोल्हापूर. ताईचा पक्ष खासगी एफएम. तिला आरजेची बडबड आवडते, 'कुणीतरी सोबत आहे असं वाटतं' म्हणते. आणि माझा पक्ष ब्लूटूथ. माझी गाणी, माझा क्रम, जाहिरात नाही, खरखर नाही. मी कॉम्प्युटरचा बीटेक, मला वाटायचं की हे दोघं अजून जुन्या काळात अडकलेत. जगातली सगळी गाणी खिशात असताना दुसऱ्या कुणी निवडलेली गाणी मी का ऐकायची?

मी फोन जोडायला गेलो की बाबांचं ठरलेलं वाक्य. "ते गप कर आणि कोल्हापूर लाव."

मी म्हणायचो, "बाबा, अजून शिरवळ पण आलं नाही. कोल्हापूर कुठनं लागणार?"

"मग लागंस्तोवर गप बसूया की."

तर असं हे भांडण. मी ते हरलो कसं, ते सांगतो. पण आधी थोडं तांत्रिक, कारण या भांडणातला निम्मा भाग मतांचा नाहीच, लहरींचा आहे.

एफएमची लहर साधारण तीन मीटर लांबीची असते. ती जवळजवळ सरळ रेषेत जाते. मध्ये डोंगर आला की मागे सावली पडते, जशी उन्हात पडते तशी. म्हणून पुण्याची स्टेशनं कात्रजच्या बोगद्यात दम तोडायला लागतात, पलीकडे थोडी परत येतात आणि खंबाटकीचा घाट चढून उतरलो की संपतात. तिथून पुढं साताऱ्याचं १०३.१ स्वच्छ लागतं. उंब्रज, कऱ्हाडच्या आसपास ते फिकट होतं. मग थोडा वेळ नुसती खरखर. आणि कासेगाव, पेठ नाका या पट्ट्यात कोल्हापूर हळूहळू वर यायला लागतं.

आता मीडियम वेव्ह. सांगली आकाशवाणी १२५१ किलोहर्ट्झवर आहे. ती लहर जवळजवळ २४० मीटर लांब. एवढी लांब लहर जमिनीला धरून चालते, डोंगराला वळसा घालून जाते. आवाज एफएमसारखा चकचकीत नसतो, पण पल्ला मोठा. म्हणून बाबांना कऱ्हाडच्या खरखरीच्या पट्ट्यातही काहीतरी ऐकायला मिळायचं, आणि मला वाटायचं की हे मुद्दाम मला छळायला लावतात.

अजून एक गंमत सांगतो, जी गाडीतच कळते. सिग्नलला थांबलात, बाजूला मोठा ट्रक उभा राहिला, आणि गाणं अचानक फाटल्यासारखं झालं, असं झालंय ना? गाडी हातभर पुढं घ्या, गाणं परत येतं. कारण लहर थेटही येते आणि ट्रकवर आपटूनही येते. दोन्ही एकमेकींना एका जागी खोडतात, तिथून थोडं सरकलं की जोडतात. ताईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे मी गाडी पुढं घेते ते गाण्यासाठी, असं पोलिसाला सांगू का?"

आता मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाकडे एकदा वळू, कारण मला पहिली शंका तिथं आली. ९१.१ मुंबईतही रेडिओ सिटी आणि पुण्यातही रेडिओ सिटी. ९८.३ दोन्हीकडे मिरची. आकडा तोच, नाव तेच, स्टेशनं मात्र वेगळी. एफएमचा एक गुणधर्म आहे: एकाच फ्रीक्वेन्सीवर दोन स्टेशनं आली तर रेडिओ त्यातलं ताकदवान उचलतो आणि दुसऱ्याला जवळजवळ पुसून टाकतो. मीडियम वेव्हवर दोन्हींची खिचडी ऐकू येते, एफएमवर एकच जिंकतं. त्यामुळं लोणावळा-खंडाळ्याच्या वळणांवर काय होतं, एका वळणावर पुण्याचा आरजे जिंकतो, पुढच्या वळणावर मुंबईचा. एकदा मी मुंबईहून येत होतो. घाटात गाड्यांची रांग लागलेली, सगळे इंजिन बंद करून बाहेर उभे. आणि माझ्या रेडिओवर आळीपाळीनं वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेची कोंडी आणि चांदणी चौकाची कोंडी. मी ज्या कोंडीत उभा होतो तिच्याबद्दल दोघांपैकी कुणीच बोलत नव्हतं.

त्यांची चूक नव्हती. मुंबईचं स्टेशन मुंबईसाठी, पुण्याचं पुण्यासाठी. मधला घाट कुणाचाच नाही. पण त्या दिवशी डोक्यात एक प्रश्न आला: मी ऐकतोय त्या माणसाला मी कुठं आहे हे माहीत आहे का?

ब्लूटूथवरच्या माझ्या यादीला तर ते अजिबातच माहीत नव्हतं.

बरं, खासगी स्टेशनांना दोष देण्याआधी त्यांच्यावरचे नियम बघायला पाहिजेत. आपल्याकडे खासगी एफएम सुरू झालं २००१ मध्ये, पहिलं बंगळूरला. आणि खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आजही. २०११ च्या धोरणात एवढी मोकळीक मिळाली की आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं, एक शब्द न बदलता लावता येईल. आपल्या बातमीदारानं आणलेली बातमी द्यायची नाही. वर्तमानपत्राला चालतं, टीव्हीला चालतं, यूट्यूबवर कुणीही माइक घेऊन बसतं, फक्त खासगी रेडिओला नाही.

पण त्याच धोरणात एक यादी आहे, की अमुक गोष्टी बातमी समजल्या जाणार नाहीत, त्या खुशाल द्या. त्यात वाहतूक आहे, हवामान आहे, परीक्षा आणि निकाल आहेत, आणि स्थानिक प्रशासनानं दिलेल्या वीज, पाणी, नैसर्गिक आपत्ती यांच्या सूचना आहेत. म्हणजे गाडी चालवणाऱ्याला जे लागतं, नेमकं तेच द्यायची परवानगी आहे. ताईचा आरजे जेव्हा सकाळी हिंजवडीच्या रांगेबद्दल बोलतो तेव्हा तो याच खिडकीतून बोलतो.

आणि त्याच धोरणानं आणखी एक दार उघडलं. एका कंपनीला आपल्याच वेगवेगळ्या शहरांतल्या स्टेशनांवर एकच कार्यक्रम लावता येतो. खर्चाच्या दृष्टीनं बरोबर आहे, मी कंपनीत असतो तर हेच केलं असतं. एकदा लिहिलेला कोड दहा ठिकाणी वापरायचा, हे तर आमचं पोटापाण्याचं काम. पण मग रात्री दहा वाजता तुमच्या गावाच्या फ्रीक्वेन्सीवर जो माणूस प्रेमाच्या गोष्टी सांगत असतो, तो तुमच्या गावात असेलच असं नाही. तुमच्याकडे पाऊस पडतोय का, त्याला काय माहीत?

आता ऑगस्ट २०१९.

कोल्हापूर-सांगलीकडच्या मंडळींना महिना आणि साल सांगितलं की पुढं काही सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी: त्या आठवड्यात पंचगंगा आणि कृष्णा दोन्ही पात्राबाहेर होत्या. मी नुकताच नोकरीला लागलो होतो. बाबा माझं सामान घेऊन पुण्याला आले होते. पावसाच्या बातम्या वाढल्या तसे ते अस्वस्थ झाले, कारण घरी आई आणि आजी दोघीच. म्हणाले, आत्ताच निघूया. मी पण निघालो.

तीन-चार ग्रुपवर तीन-चार प्रकारचे निरोप येत होते. एक म्हणतो महामार्ग बंद, दुसरा म्हणतो एक बाजू चालू आहे, आत्ताच माझा मेव्हणा गेला. एक व्हिडिओ फिरत होता, त्यात पुलावर पाणी, पण तो कुठल्या पुलाचा, कुठल्या वर्षीचा, काही पत्ता नाही. आणि माझ्या फोनमधला नकाशा रस्ता मोकळा दाखवत होता. मला तेव्हा त्या मोकळ्या रस्त्यावर फार विश्वास होता. नंतर विचार केला तेव्हा कळलं, असा नकाशा गर्दी ओळखतो ती रस्त्यावरच्या फोनच्या वेगावरून. रांगेत उभे असलेले फोन दिसले की तो रस्ता लाल करतो. ज्या रस्त्यावर पाणी आहे तिथं गाड्याच नाहीत, फोन नाहीत, मग तो लाल कशाच्या जोरावर करणार?

कऱ्हाडला चहाला थांबलो. पुढं मोबाइलची रेंज येत-जात होती. गाडीत बसल्यावर बाबांनी काही न बोलता १०२.७ लावलं. नुसती खरखर. मी म्हटलं, "बाबा, ह्यात काय ऐकू येणार?" ते म्हणाले, "येईल."

कासेगावच्या पुढं आवाज सुटा व्हायला लागला. एक निवेदिका होती. आवाज चढवलेला नाही, घाई नाही, मागं संगीत नाही. ती वाचत होती: राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी इतके फूट. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, तिथं ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ ला धोका पातळी. आमच्याकडची पोरं पाढे शिकायच्या आधी हे दोन आकडे शिकतात. त्या दिवशी आकडा पन्नासच्या वर होता. मग पाण्याखालच्या बंधाऱ्यांची नावं. मग बंद रस्त्यांची नावं, एकेक करून. आणि त्यात शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आल्यानं वाहतूक बंद. मग चिखली, आंबेवाडीच्या लोकांना हलवायचं काम चालू असल्याची माहिती.

मी तरी म्हटलं, "पुढं जाऊन बघूया ना, वाठारपर्यंत तरी." माझ्या डोक्यात नकाशावरचा तो मोकळा रस्ता होता.

बाबांनी पेठ नाक्याला गाडी आत घेतली. इस्लामपूरला माझी मावशी राहते. दारात गाडी लावून इंजिन बंद केलं, पण रेडिओ चालूच ठेवला. मावशी छत्री घेऊन बाहेर आली, तरी हे गाडीतच बसून.

आम्ही तिथं सहा दिवस होतो. महामार्गावर जे पुढं गेले होते त्यातले कितीतरी ट्रकवाले रांगेत दिवसचे दिवस अडकून पडले. आई-आजीचा फोन दुसऱ्या दिवसापासून लागेना. गावात वीज नव्हती, टॉवर बंद पडले असणार. बाबा दिवसातून चार-पाच वेळा जाऊन गाडीत बसायचे आणि रेडिओ लावायचे. मावशीच्या घरात टीव्ही होता. मराठी वाहिन्या दिवसभर पूरच दाखवत होत्या, बोटी, हेलिकॉप्टर, छपरावरची माणसं. पण टीव्हीवर आमचं गाव नव्हतं. रेडिओवर ते नाव दोनदा आलं. खालच्या गल्लीतल्या लोकांना शाळेत हलवलंय, एवढंच. आमचं घर वरच्या अंगाला आहे. त्या एका ओळीवर आम्ही दोन दिवस काढले.

तिसऱ्या रात्री मी बाबांना म्हटलं, चला आता आत, जेवून घ्या. तर ते म्हणाले, "तुझी आई पण हेच ऐकत असंल."

मला ते तेव्हा मनाची समजूत वाटली. पाणी उतरल्यावर घरी पोचलो. आजीच्या उशाशी तिचा जुना ट्रान्झिस्टर होता, चार सेल पार संपलेले. आई म्हणाली, वीज गेल्यापासून तोच लावत होतो, जपून, दिवसातून पाच-पाच मिनिटं. शिरोलीला रस्ता बंद म्हणून सांगितलं तेव्हा मी आजींना म्हटलं, हे ऐकलं असेल तर ते पुढं येणार नाहीत.

म्हणजे ती निवेदिका एकच यादी वाचत होती. गाडीतल्या माणसाला त्यातून कळत होतं कुठं थांबायचं, आणि घरातल्या बाईला कळत होतं की तो थांबला असेल.

मी भांडण हरलो ते तिथं.

आता एवढं ऐकून तुम्हाला वाटेल, हा म्हणणार आकाशवाणी म्हणजे सोनं आणि बाकी सगळं पितळ. तसं मुळीच नाही. मी आकाशवाणी रोज ऐकतो म्हणूनच तक्रारीही माझ्याकडेच जास्त आहेत. मध्येच आवाज जातो आणि मिनिटभर कुणाच्या लक्षात येत नाही. एखादं सुंदर गाणं रंगात आलेलं असतं आणि घड्याळाचा काटा बाराला टेकला म्हणून ते कापून दिल्लीच्या बातम्या. सरकारी योजनेची तीच जाहिरात तासात किती वेळा. आणि स्थानिक केंद्रावर बसून बाहेरचंच सहक्षेपण ऐकावं लागतं ते तास वाढत चाललेत असं मला वाटतं. आकाशवाणीच्या स्थानिक केंद्रावरून स्थानिक काही येतच नसेल, तर त्याच्यात आणि दहा शहरांत एकच आरजे वाजवणाऱ्या स्टेशनात फरक काय राहिला?

उलट ताईचा मुद्दा शहरात खरा आहे. आम्ही ऑफिसला चौघं एका गाडीत जायचो, वाकडहून हिंजवडी. त्यात एक नागपूरकर, एक नाशिककर, एक बंगालची मुलगी. तिथंही रोज भांडण. पण सकाळी नऊला हिंजवडीकडे जाताना मला विविध भारती नको असते. मला तो आरजे पाहिजे जो सांगतो की भूमकर चौकात पाणी साचलंय, मागच्या रस्त्यानं या. तो स्वतः त्याच रस्त्यानं स्टुडिओत आलेला असतो, हे त्याच्या चिडण्यावरून कळतं. त्या पाऊण तासासाठी तो उत्तम. पुढं तो कुणालातरी फोन करून बकरा बनवायला लागतो, तेव्हा मी आवाज कमी करतो. बकरा बनवलेला माणूस खराखुरा घाबरलेला असला की गाडी चालवताना आपणही उगाच ताणाखाली येतो.

आणि रात्री? रात्री एकट्यानं गाडी चालवायची तर मला बोलणं लागतं, गाणी नकोत. ओळखीच्या गाण्यांनी मला झोप येते, कारण पुढं काय येणार ते ठाऊक असतं. रात्री आठला विविध भारतीवर 'हवामहल' असायचं, ते नाटुकलं मला साताऱ्यापासून उंब्रजपर्यंत जागं ठेवायचं. अर्थात खरी पेंग आली तर कुठलंच स्टेशन उपयोगाचं नाही. गाडी बाजूला घ्यायची, ढाब्यावर अर्धा तास डोळे मिटायचे. रेडिओला झोपेवरचं औषध समजू नका.

आणि फोनवरची गाणी बदलण्याबद्दल एक हिशोब, नेहमी सांगतो तो. ताशी ८० च्या वेगानं गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. दोन सेकंद पडद्यावर बघितलं की ४४ मीटर आंधळे गेलो. पुढचं गाणं आवडलं नाही म्हणून आणखी दोन सेकंद. रेडिओत निवडायलाच फारसं काही नसतं, हा त्याचा मोठा गुण आहे. बटण हाताला ठाऊक असतं, डोळे रस्त्यावर राहतात.

तर मग कुठलं स्टेशन? मी आता एकच कसोटी लावतो. समजा पुढच्या दहा किलोमीटरवर दरड कोसळली, पूल बंद झाला, टँकर उलटला. मी जे ऐकतोय तिथला माणूस मला ते सांगू शकेल का? त्याला माझा रस्ता माहीत आहे का? उत्तर हो असेल तर त्याची गाणी जुनी असोत, जाहिराती कंटाळवाण्या असोत, मी ऐकेन. शहरात ते उत्तर बहुतेकदा खासगी स्टेशन असतं. शहर सुटलं की बहुतेकदा जिल्ह्याचं आकाशवाणी केंद्र. आणि हे उत्तर दर साठ-सत्तर किलोमीटरला बदलतं. सव्वादोनशे किलोमीटर एकच स्टेशन, हा हट्टच चुकीचा. बाबांचाही चुकीचा आणि माझ्या ब्लूटूथचाही.

माझा एक मित्र जर्मनीत आहे. तिकडे गाडीतला रेडिओ त्याच स्टेशनची पुढच्या भागातली फ्रीक्वेन्सी स्वतःच शोधतो, आणि वाहतुकीची सूचना आली की चालू गाणं थांबवून ती ऐकवतो. ही सोय युरोपात कितीतरी वर्षांपासून आहे, नवीन काही नाही. आपल्याकडे अजून हे काम बाबांचा अंगठा करतो.

हे सगळं आत्ता का बोलतोय? कारण ही केंद्रं कायमची आहेत असं मी धरून चाललो होतो. जून २०२३ मध्ये पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करायचा निर्णय आला होता. सकाळी सात वाजून दहा मिनिटांच्या बातम्या ज्यांच्या घरात घड्याळासारख्या लागतात, त्यांनी ओरड केली. निर्णय थांबवला गेला. दुसरीकडे त्याच वर्षी एप्रिलमध्ये देशभरात १०० वॅटचे ९१ छोटे एफएम ट्रान्समीटर सुरू झाले, ही चांगलीच गोष्ट. पण ट्रान्समीटर म्हणजे खांब आणि यंत्र. त्यातून राजाराम बंधाऱ्याचा आकडा वाचायला त्या गावातला कुणीतरी माणूस लागतो. खांब वाढले आणि माणसं कमी झाली तर खरखर नसेल, पण ऐकायलाही काही नसेल.

आणि मीडियम वेव्ह तर हळूहळू जातेच आहे. गेल्या वर्षी मी गाडी घेतली. मोठा पडदा, सगळं टचवर. बाबांच्या डोळ्यांमुळं आता लांबचा प्रवास मीच चालवतो, ते डावीकडे बसतात. पहिल्याच फेरीत कऱ्हाडच्या अलीकडे खरखर सुरू झाली तसं त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "सांगली कुठं आहे ह्यात?"

मी शोधलं. या गाडीत मीडियम वेव्हच नाही, फक्त एफएम. इलेक्ट्रिक गाड्यांत तर मोटरमुळं त्या पट्ट्यात इतका गोंगाट शिरतो की काही कंपन्या तो देतच नाहीत. माझी तर पेट्रोलची आहे, तरी नाही. घेताना मी पडद्याचे इंच विचारले होते, कॅमेरा विचारला होता. हे विचारायचं सुचलंच नाही.

"नाही बाबा. सांगली नाही ह्यात."

"एवढे पैसे घेतले आणि सांगली नाही?"

मी काही बोललो नाही. खरखर चालू ठेवली. फोन जोडला नाही. कासेगावला कोल्हापूर लागलं.

तर मंडळी, नवीन गाडी घेणार असाल तर शोरूममध्ये एएम आहे का एवढं विचारा. पुणे-कोल्हापूरला जाणार असाल तर १०१, १०३.१ आणि १०२.७ निघायच्या आधीच बटणांवर साठवून ठेवा, आणि गाडीत मीडियम वेव्ह असेल तर १२५१ सुद्धा. पावसाळ्यात तर नक्कीच. आणि तुमच्या नेहमीच्या रस्त्यावरचं, तुमचा रस्ता माहीत असलेलं स्टेशन कुठलं, ते मला कळवा. नाशिकचा रस्ता, कोकणातला, मराठवाड्यातला, गोव्याचा. सगळ्यांचं मिळून एका भागात वाचून दाखवतो, म्हणजे ज्याला त्या रस्त्यानं जायचंय त्याला कामी येईल.

आणि हो, हा भाग तुम्ही आत्ता गाडीत ऐकत असाल आणि बाहेर जोराचा पाऊस असेल, तर मला बंद करा आणि स्थानिक स्टेशन लावा. मी कुठं पळून जात नाही. भेटू.